रिकाम्या इमारतीत राहायला कोण येईल?

तुमच्यापैकी काही जणांनी शिवडी पाहिली असेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून हार्बर मार्गाची लोकल पकडा. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन ही स्टेशने मागे टाकली की शिवडी येते. या मार्गाचा पहिला भाग १९१० साली कुर्ल्यापासून रे रोडपर्यंत सुरू झाला. बंदरातला माल वाहून नेणे हे त्याचे एक मोठे काम होते. म्हणून या बाजूला आजही घरांपेक्षा गोदामे जास्त दिसतात.

शिवडीला उतरून पूर्वेकडे गेलात, तर बंदराची जमीन लागते. उंच भिंती, पत्र्याची छपरे, मोठे लोखंडी दरवाजे आणि त्यांवर गंजलेली कुलपे. पुढे चिखलाची खाडी आहे. थंडीच्या दिवसांत तिथे हजारो रोहित पक्षी येतात. तिथूनच न्हावा शेव्याकडे जाणारा समुद्रावरचा लांब पूल सुरू होतो. तो २०२४ च्या जानेवारीत खुला झाला. पश्चिमेकडे गेलात, तर चाळी, क्षयरोगाचे मोठे महापालिका रुग्णालय आणि पुढे काळाचौकी, लालबाग, परळ. या भागाला लोक गिरणगाव म्हणत. आता गिरण्यांचे भोंगे बंद आहेत.

अशा ठिकाणी फिरताना एक प्रश्न मनात येतो. इकडे एवढ्या इमारती कुलूपबंद आहेत. तिकडे गावाहून नोकरीसाठी आलेला वीस वर्षांचा मुलगा रात्री झोपायला जागा शोधतो आहे. मग ही कुलपे काढून त्याला एक खोली भाड्याने का देऊ नये?

प्रश्न सोपा वाटतो. उत्तर मात्र सोपे नाही. मुंबईने ते एकदा नव्हे, अनेकदा शोधून पाहिले आहे. आज आपण त्याचाच अभ्यास करू. तुमच्यापैकी पुष्कळांना आणखी चार-पाच वर्षांनी हाच प्रश्न पडणार आहे, म्हणून जरा लक्ष देऊन वाचा.

आधी शब्दांची थोडी ओळख करून घेऊ. 'इमारत', 'मजला', 'मालक', 'कुलूप' हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. उर्दूतले 'इमारत', 'मंज़िल', 'मालिक' आणि 'क़ुफ़्ल' आठवून पाहा. मराठीने हे शब्द घेतले आणि आपल्या उच्चाराप्रमाणे थोडे वळवले. 'किराया' याला मात्र मराठीत 'भाडे' म्हणतात आणि किरायेदाराला 'भाडेकरू'.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. शिवडीजवळच्या स्टेशनचे नाव कॉटन ग्रीन का पडले? मुंबईत कापसाचा बाजार पूर्वी कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, एका हिरव्या मैदानावर भरत असे. पुढे तो कुलाब्याला गेला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो शिवडीच्या बाजूला आला. बंदराच्या जमिनीवर कापसाची गोदामे उभी राहिली. शेजारी कापूस बाजाराची देखणी इमारत बांधली गेली. ती आजही उभी आहे. मैदान गेले, पण नाव बरोबर आले.

कापूस आला की गिरणी चालते आणि गिरणी चालली की माणसे लागतात. ही माणसे कोकणातून, साताऱ्याहून, पुण्याच्या घाटावरून येत. उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले. त्यांतले पुष्कळ मदनपुऱ्यात राहिले आणि गिरण्यांच्या विणाई खात्यांत काम करू लागले. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. जवळजवळ सारे शहरच पाहुण्यांचे होते म्हणा ना.

यातले बहुतेक तरुण एकटे येत. बायको, आईवडील, शेती गावाकडे. मग ते राहत कुठे? एका गावचे किंवा एका तालुक्याचे लोक मिळून चाळीतली एक खोली भाड्याने घेत. तिला गावमंडळाची खोली म्हणत. एका खोलीत वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त माणसे असत. हे कसे शक्य होते? कारण गिरणी पाळ्यांत चाले. पहिल्या पाळीचे लोक कामावर गेले की रात्रपाळीचे लोक येऊन झोपत. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि भिंतीवर एक खुंटी, एवढीच जागा त्याची. उन्हाळ्यात पुष्कळ जण गॅलरीत किंवा रस्त्यावर अंथरूण टाकत. जेवायला खानावळ असे. एखादी बाई आपल्या घरी दहा-पंधरा कामगारांना महिन्याच्या पैशांवर जेवू घाले. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले.

गावमंडळाच्या खोलीत आपलेपणा होता. नवा मुलगा आला की त्याला कामाची ओळख करून देणारा माणूस तिथे भेटे. तो आजारी पडला, तर त्याच्याकडे लक्ष देणारे कोणीतरी असे. पण हवा नव्हती, उजेड नव्हता. दाट वस्तीच्या अंधाऱ्या खोलीत क्षयरोग लवकर पसरतो. एका माणसाच्या खोकल्यातून जंतू हवेत जातात. खिडकी उघडी असेल, तर वारा त्यांना बाहेर नेतो. खिडकीच नसेल, तर ते खोलीतच राहतात. शिवडीच्या त्या मोठ्या रुग्णालयाचा आणि गिरणगावातल्या दाटीच्या खोल्यांचा असा जवळचा संबंध आहे. ही काही फक्त जुनी गोष्ट नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडमधल्या नव्या, पण एकमेकींना चिकटून बांधलेल्या इमारतींची पाहणी डॉक्टरांनी केली. तिचे निष्कर्ष २०१८ साली पुढे आले. ज्या घरांत ऊन आणि वारा कमी, तिथे क्षयरोग जास्त आढळला.

कामगारांची ही अवस्था सरकारला दिसत होती. १९२० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी एक नवे खाते काढले. त्याचे नाव बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या नावाची आद्याक्षरे म्हणजे बीडीडी. बीडीडी चाळी हे नाव तुम्ही ऐकले असेलच. या खात्याने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचे ठरवले. पैसा कुठून आणायचा? मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. म्हणजे कापसाची एकेक गाठ कामगाराच्या खोलीसाठी एकेक रुपया देत होती. कल्पना चांगली होती.

प्रत्यक्षात पन्नास हजार खोल्या झाल्या नाहीत. सोळा हजारांहून थोड्या जास्त झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि आपल्या शिवडीला १२ अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. एका मजल्यावर वीस, एका चाळीत ऐंशी. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. शौचालये आणि नळ सामाईक. सगळे बांधकाम सिमेंट काँक्रीटचे. त्या काळी हे फार आधुनिक समजले जाई.

आणि आता आश्चर्याची गोष्ट ऐका. शहरात माणसे रस्त्यावर झोपत होती आणि वरळीच्या या नव्याकोऱ्या चाळींत शेकडो खोल्या रिकाम्या होत्या!

असे का झाले? वरळी तेव्हा शहराच्या कडेला होती. रात्रपाळी संपवून इतक्या लांब चालत जाणार कोण? जवळ बाजार नव्हता, रस्त्यांवर पुरेसे दिवे नव्हते. काँक्रीटच्या खोल्या उन्हाळ्यात तापत. आणि भाडे! खोली बांधायला आलेला खर्च भरून निघेल एवढे भाडे घेतले, तर ते कामगाराला परवडत नव्हते. कामगाराला परवडेल एवढे घेतले, तर खात्याला तोटा होत होता. खात्याने भाडे कमी केले, तोटा सोसला, तरी खोल्या लवकर भरल्या नाहीत. शेवटी १९३० नंतर, सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा वरळीच्या काही रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. म्हणूनच पुष्कळ लोक अजून सांगतात की बीडीडी चाळी तुरुंग म्हणून बांधल्या होत्या. ते खरे नाही. त्या कामगारांसाठीच बांधल्या होत्या. कामगार आले नाहीत, म्हणून कैदी आले. पुढे वस्ती वाढली, रस्ते झाले, बाजार आला, बस आल्या आणि त्याच खोल्या भरून गेल्या. एवढ्या भरल्या की एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहू लागली.

भिंती त्याच, खोल्याही त्याच. आधी कोणी घेईना आणि नंतर मिळेना. तेव्हा जुन्या इमारतीचे घर करायचे असेल, तर तिच्या भिंतींबरोबर आणखी कितीतरी गोष्टी पाहाव्या लागतात.

चला, आपण एक बंद इमारत मनाने उघडून पाहू. समजा, ती जुनी कापड गिरणी आहे. १९८२ च्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. तशा गिरणीत आपण शिरलो आहोत.

पहिली पाहणी इंजिनीअर करतो. खांब आणि तुळया अजून भार घेतील का? शिवडी खाडीच्या काठी आहे. खाऱ्या हवेने काँक्रीटमधली लोखंडी सळई गंजते. गंजली की फुगते आणि फुगली की वरचे काँक्रीट फोडते. इंजिनीअर हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, काँक्रीटचा तुकडा काढून तपासायला पाठवतो. गिरणीच्या बाबतीत एक सोय असते. तिचे मजले जड यंत्रांसाठी बांधलेले असतात. जिथे सूतकताईची यंत्रे धडधडत होती, तिथे चार खाटा आणि दोन कपाटे ठेवली, तर मजल्याला जाणवणारही नाही.

मग उजेड. सूतकताईच्या मजल्याला उंच, मोठ्या खिडक्या असतात, कारण कामगाराला बारीक धागा दिसायला हवा. विणाई खात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. त्यातून वरून उजेड येतो. कापसाच्या गोदामाचे मात्र उलट आहे. तिथे ऊन, पाऊस आणि ठिणगी आत येऊ नये म्हणून खिडक्या मुद्दाम कमी ठेवतात. एका पूर्ण दाबलेल्या गाठीचे वजन १७० किलो असते. गाठीला उजेड लागत नाही, माणसाला लागतो. शिवाय या इमारती रुंद असतात. खिडक्या दोन बाजूंना आणि मधली जागा काळोखी. तिथे खोल्या केल्या, तर आपण पुन्हा क्षयरोगालाच बोलावणे धाडू. यावर उपाय आहे. इमारतीच्या मधोमध छप्पर आणि मजले कापून उघडा चौक काढायचा. आपल्या जुन्या वाड्यांत असे, तुमच्या मोठ्या हवेल्यांत सहन असे, तसाच. चौकामुळे काही खोल्या कमी होतात. मालकाला ते आवडत नाही. पण त्या कमी झालेल्या खोल्याच बाकीच्या खोल्यांना राहण्याजोगे करतात.

मग पाणी आणि सांडपाणी. गिरणीत हजार माणसे काम करत असली, तरी तिथे रात्री कोणी आंघोळ करत नव्हते, स्वयंपाक करत नव्हते. घर झाले की प्रत्येक मजल्यावर नळ, मोऱ्या, शौचालये हवीत. त्यांचे नळ खाली उतरवायला मजल्याला भोके पाडावी लागतात. ती कुठेही पाडता येत नाहीत. तुळई कापली गेली, तर संकट! मग आग. पूर्वी एक जिना होता, तो चालत असे. आता दोन हवेत. पाण्याची टाकी हवी. हे सारे तपासून महापालिका आणि अग्निशमन दल परवानगी देतात. गोदाम म्हणून बांधलेल्या जागेत परवानगीशिवाय माणसे ठेवणे हा गुन्हा आहे. आणि तो धोकाही आहे. पोटमाळ्यावर झोपलेले कामगार आगीत अडकल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच.

जगात असे बदल केलेल्या इमारती आहेत. नॉर्वे देशाच्या ओस्लो शहरात १९५३ साली बांधलेले धान्याचे कोठार होते. उंच, गोल काँक्रीटच्या नळकांड्या एकमेकींना चिकटून उभ्या. धान्य साठवणे बंद झाले. पाडायला खर्च फार आला असता. मग त्या नळकांड्यांत मजले घातले, खिडक्या कापल्या आणि २००१ साली तिथे विद्यार्थ्यांसाठी भाड्याच्या दोनशेहून अधिक खोल्या झाल्या. गोल खोलीत चौकोनी पलंग कसा लावायचा, हा प्रश्न तिथल्या मुलांना पडत असेल, नाही का?

इतक्या लांब जायचीही गरज नाही. शिवडीच्या शेजारी, कॉटन ग्रीनलाच, बंदराच्या वापरात नसलेल्या काही इमारती दुरुस्त करण्यात आल्या. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी गावोगावची मुले येतात. त्यांच्या आईवडिलांना मुंबईत राहायला जागा नसते. 'सेंट ज्यूड' या संस्थेने त्या इमारतींत त्यांची राहण्याची सोय केली. प्रत्येक कुटुंबाला झोपायची स्वतंत्र जागा आणि स्वयंपाकघर सर्वांचे मिळून. एकीच्या पातेल्यात काय शिजते आहे हे दुसरी विचारते आणि ओळख होते. गिरणगावातल्या गावमंडळाची आठवण यावी असेच हे आहे. या कुटुंबांकडून भाडे घेत नाहीत. खर्च देणगीतून चालतो. आजारी मुलासाठी लोक देणगी देतात, आणि द्यायलाच हवी. पण धडधाकट तरुण कामगाराच्या खोलीसाठी कोण देणगी देईल? त्याच्या खोलीचा खर्च भाड्यातूनच निघाला पाहिजे.

म्हणून आता वही-पेन्सिल घ्या. एक हिशेब करू. आकडे मानलेले आहेत. समजा, बंद इमारतीत ८० खोल्या करायला ४ कोटी ८० लाख रुपये लागले. एका खोलीला किती आले? ६ लाख रुपये. हे पैसे २० वर्षांत, म्हणजे २४० महिन्यांत, भाड्यातून परत मिळवायचे. ६ लाखांना २४० ने भागा. २,५०० रुपये आले. पाणी, वीज, झाडलोट आणि राखणदार यांचे महिन्याला १,००० धरा. भाडे ३,५०० रुपये. एका खोलीत दोघे राहिले, तर प्रत्येकी १,७५०. दुकानात किंवा कारखान्यात नव्याने लागलेला मुलगा एवढे देऊ शकेल.

पण थांबा. आपण एक गोष्ट विसरलो. ६ लाख रुपये बँकेकडून घेतले आणि व्याज दर वर्षाला ९ टक्के असेल, तर महिन्याचा हप्ता २,५०० राहत नाही. तो सुमारे ५,४०० होतो. देखभाल मिळवली की भाडे ६,४०० झाले. दोघांत प्रत्येकी ३,२००. आणि यात जमिनीची किंमत धरलेलीच नाही! मुंबईची जमीन धरली, तर तो हिशेब या पानावर मावणार नाही. लॉइडसाहेबांच्या खात्याला कापसाच्या गाठीवर कर का बसवावा लागला, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. व्याजाचा आणि जमिनीचा भार कोणीतरी उचलल्याशिवाय कामगाराला परवडणारे भाडे निघत नाही.

गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले, तेही याच हिशेबातून समजते. १९९१ साली नियम झाला की गिरणीची जमीन विकसित करायची असेल, तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन थोडी आणि इमारतीखालची जास्त. त्यामुळे महापालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला फार कमी जमीन आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६ साली न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. ज्या गिरण्यांच्या इमारती टिकल्या, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी दुकाने, उपाहारगृहे आणि कचेऱ्या आल्या. कारण साधे आहे. दुकानदार एका चौरस फुटाला जे भाडे देतो, ते कामगार देऊ शकत नाही. म्हाडाला मिळालेल्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरे झाली. २०१२ च्या जून महिन्यात पहिली सोडत निघाली, ती ६,९२५ घरांची. ही घरे मालकीची होती आणि ज्यांना मिळाली त्यांना ती मोलाची वाटणे साहजिक आहे. पण ती जुन्या कामगारांसाठी होती. आज गावाहून नवा येणारा मुलगा त्या सोडतीत बसत नाही. त्याला घर विकत नकोच आहे. त्याला दोन वर्षांपुरती खोली हवी आहे.

भाड्याच्या घरांचाही प्रयत्न झाला. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने १६० चौरस फुटांची घरे भाड्याने द्यायची योजना काढली. खोलीचे माप बीडीडी चाळीचेच, हे तुमच्या लक्षात आले का? घरे बांधली गेली, पण शहरापासून दूर. पनवेलजवळच्या कोन गावात बांधलेली अशी घरे रिकामी राहिली. शेवटी दोन-दोन घरे जोडून ती गिरणी कामगारांना द्यायचे ठरले. २०१६ साली २,४१७ घरांची सोडत निघाली. घरांचा ताबा मिळण्याआधीच २०२० साली करोनाची साथ आली आणि त्या इमारती रुग्णांना वेगळे ठेवण्यासाठी वापरल्या गेल्या. वरळीच्या चाळींचा तुरुंग झाला होता, ते आठवते ना?

त्याच २०२० सालच्या टाळेबंदीत देशाने लाखो मजूर आपल्या गावाकडे पायी निघालेले पाहिले. काम बंद, भाडे द्यायला पैसे नाहीत, म्हणून खोली सोडावी लागलेली माणसे त्यांत पुष्कळ होती. जुलै महिन्यात केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. सरकारी पैशाने बांधलेली आणि रिकामी पडलेली घरे दुरुस्त करून ती मजुरांना, कारखान्यातल्या कामगारांना, विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायची, असा तिचा एक भाग होता. चालवणाऱ्या संस्थेला ती २५ वर्षांसाठी द्यायची. चंडीगड आणि सुरत या शहरांत अशी घरे उघडली गेली. देशातल्या सगळ्या रिकाम्या घरांच्या मानाने हे प्रमाण फार थोडे आहे. २०११ च्या जनगणनेत भारतातल्या शहरांत सुमारे एक कोटी अकरा लाख घरे रिकामी आढळली होती.

खासगी मालक आपली रिकामी जागा का उघडत नाहीत? त्यांचेही ऐकले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जुन्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूंना त्याचा फार मोठा आधार झाला. पण वर्षे गेली, वस्तूंचे भाव वाढले, भाडी तिथेच राहिली. मालकांनी दुरुस्ती करणे सोडले. पागडीची पद्धत आली. पागडी म्हणजे भाड्याशिवाय हातावर ठेवायची मोठी रक्कम. एकदा आत आलेला भाडेकरू निघत नाही, अशी भीती मालकांच्या मनात बसली. जागा द्यायचीच नाही, कुलूप बरे, असे पुष्कळांनी ठरवले. नवा कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आता बहुतेक मालक अकरा महिन्यांचा करार करतात. मालकाची भीती त्याने कमी झाली. मुलाची मात्र वाढली, कारण त्याला दर अकरा महिन्यांनी नवी खोली आणि नवी अनामत रक्कम शोधावी लागते. मला वाटते, या दोघांच्या मध्ये एखादी संस्था किंवा महापालिका उभी राहिली, तरच बंद इमारतीची कुलपे उघडतील. ती मालकाला इमारत परत मिळण्याची हमी देईल आणि मुलाला निदान दोन-तीन वर्षे राहण्याची. तुम्हांला काय वाटते, तेही ठरवा. वर्गात यावर वाद झाला, तर फार चांगले.

शिवडीच्या बारा बीडीडी चाळी आजही आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळी पाडून म्हाडा नवी घरे बांधत आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर आहेत, म्हणून त्या या कामातून वेगळ्या राहिल्या. तिथल्या कुटुंबांच्या घरी भाड्याच्या जुन्या पावत्या पेटीत जपून ठेवलेल्या असतात. कागद पिवळा पडलेला, शाई फिकट झालेली. पावतीवर खोलीचा क्रमांक, महिना आणि भाड्याची छोटीशी रक्कम. गावाहून आलेल्या कोणा तरुणाने पहिल्यांदा ती पावती हातात घेतली, तेव्हा मुंबईत त्याला पत्ता मिळाला होता.

शब्दांचे अर्थ
भाडे – किराया. सामाईक – सर्वांचे मिळून, मुश्तरका. शिरगणती – जनगणना, मर्दुमशुमारी. पाळी – कामाची ठरलेली वेळ. सोडत – चिठ्ठ्या काढून केलेली निवड, क़ुरआअंदाज़ी. अनामत रक्कम – आधी ठेवायचे, पुढे परत मिळणारे पैसे.

स्वाध्याय
१. गावमंडळाच्या एका खोलीत तीस माणसे कशी राहू शकत होती?
२. वरळीच्या नव्या चाळी सुरुवातीला रिकाम्या का राहिल्या? दोन कारणे लिहा.
३. कापसाचे गोदाम आणि सूतकताईचा मजला, यांपैकी कशाचे घर करणे सोपे? का?
४. पाठातल्या हिशेबात एका खोलीत दोघांऐवजी तिघे राहिले, तर व्याजासह प्रत्येकाला किती भाडे पडेल? त्या खोलीत तिसरा माणूस ठेवावा का?
५. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा: शहरात ते पहिल्यांदा कोणाकडे आणि कुठे राहिले? त्यांनी सांगितलेले दहा ओळींत मराठीत लिहा.